‘आमच्याकडून स्पॅनिश शिकू नका’ असे सांगणारे लोक

चिलीची राजधानी सांतियागो येथील एखाद्या सुशिक्षित माणसाला सर्वांत चांगली स्पॅनिश कोणत्या देशात बोलली जाते असे विचारले, तर तो बहुधा शेजारच्या पेरूचे किंवा समुद्रापलीकडच्या स्पेनचे नाव घेतो. सर्वांत वाईट कोठे बोलली जाते, या प्रश्नाला मात्र फारसा विचार न करता स्वतःच्याच देशाचे नाव सांगतो. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या पुढाकाराने लॅटिन अमेरिकेच्या राजधान्यांमध्ये भाषाविषयक मतांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात सांतियागोच्या उत्तरांचा कल असाच दिसला. स्पॅनिश शिकवण्याच्या निमित्ताने माझा ज्या चिलियन मंडळींशी संबंध आला, त्यांच्यापैकी अनेकांनी ओळख होताच, कोणी काही विचारलेले नसताना, आमच्याकडून भाषा शिकू नका, आम्ही फार वाईट बोलतो, असे मला बजावले आहे. हा नुसता विनय असता तर मी सोडून दिले असते, पण त्यांना तसे खरोखर वाटत होते, आणि ज्या भाषेत आपण लहानाचे मोठे झालो तिच्याविषयी माणसाला असे का वाटावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला आहे.

या प्रश्नाचा विचार करताना एक गोष्ट आधी नोंदवली पाहिजे. हीच माणसे आपली बोली सोडायला मुळीच तयार नसतात. सांतियागोचा माणूस माद्रिदला दहा वर्षे राहून माद्रिदच्या उच्चारात बोलू लागला, तर घरी परतल्यावर त्याची चेष्टा होते. म्हणजे एकाच माणसाच्या मनात दोन मोजमापे एकाच वेळी नांदत असतात: एक शुद्धतेचे, ज्यावर तो स्वतःला नापास करतो, आणि दुसरे आपलेपणाचे, ज्यावर त्याच्या बोलीच्या पुढे दुसरे काही टिकत नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या इंग्रजीच्या अभ्यासात याच प्रकाराला भाषिक असुरक्षितता असे नाव दिले होते. स्पॅनिशच्या बाबतीत मला अधिक कुतूहल वाटते ते पहिल्या मोजमापाचे. ते आले कोठून, आणि ते सर्वांना सारखेच का लागू पडत नाही?

माझ्या मते त्याचे मूळ लिखित पानात आहे. स्पॅनिश भाषकांना आपली भाषा लिहिली जाते तशीच बोलली जाते असे शाळेपासून सांगितलेले असते, आणि त्यातून, जो पानावरचे प्रत्येक अक्षर उच्चारतो तो शुद्ध बोलतो, ही समजूत रुजते. या समजुतीचा सर्वांत मोठा फटका बसतो तो ‘स’ या ध्वनीला. चिलीत, कॅरिबियन बेटांवर, व्हेनेझुएलात, कोलंबियाच्या किनाऱ्यावर आणि स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसियात शब्दाच्या किंवा अक्षराच्या शेवटी येणारा ‘स’ हलक्या ‘ह’सारखा ऐकू येतो किंवा नाहीसाच होतो, ‘लास कासास’, म्हणजे ‘घरे’, हे शब्द तेथे ‘लाह कासाह’ असे उमटतात. यात कोठेही मनमानी नाही. शब्दाच्या आरंभीचा ‘स’ हे लोक सहसा गाळत नाहीत, बदल होतो तो ठरावीक जागी आणि ठरावीक परिस्थितीत, आणि लहान मूल तो नियम कोणी न शिकवता आत्मसात करते. तरीही बोलणाऱ्यांच्या लेखी तो नियम नसून आळस असतो. आम्ही ‘स’ खातो, असे ते स्वतःच म्हणतात.

उलट मेक्सिको सिटी, बोगोता आणि लिमा या शहरांत हा ‘स’ स्पष्ट उच्चारला जातो आणि याच शहरांच्या स्पॅनिशला लॅटिन अमेरिकेत उत्तम भाषेचा मान आहे. ही गोष्ट योगायोगाची नाही. वसाहतकाळात या शहरांत व्हाइसरॉयचे दरबार भरत, तेथे माद्रिदहून अधिकारी, न्यायाधीश आणि धर्मगुरू येत, आणि त्यांच्याबरोबर दरबारी उच्चार येई. हवाना, सांतो दोमिंगो, कार्ताहेना, पनामा या बंदरांत मात्र सेवियाहून सुटणाऱ्या जहाजांवरचे खलाशी, व्यापारी आणि कारागीर उतरत, आणि त्यांची बोली दक्षिण स्पेनची असे. स्पॅनिश भाषाशास्त्रज्ञ रामोन मेनेंदेस पिदाल यांनी ‘माद्रिदविरुद्ध सेविया’ अशा शब्दांत हा फरक मांडला होता. म्हणजे आज ज्याला शुद्ध उच्चार म्हटले जाते, तो एके काळी ज्या रस्त्याने अधिकारी आले त्या रस्त्याचा उच्चार आहे. मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. ‘ण’च्या जागी ‘न’ ऐकू आला की बोलणाऱ्याचे शिक्षण, गाव आणि बुद्धी यांविषयी झटपट निष्कर्ष काढणारे कान आपल्याकडेही आहेत.

चिलीकडे परत येऊ, कारण तेथे ही कहाणी सर्वांत स्पष्ट दिसते. जवळच्या माणसाला संबोधण्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘तू’ (योगायोगाने उच्चार आपल्या ‘तू’सारखाच) आणि ‘वोस’ अशी दोन सर्वनामे आहेत. स्पेनमध्ये ‘वोस’ मागे पडले, पण अमेरिका खंडाच्या मोठ्या भागात ते टिकून राहिले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिलीतही ते सर्रास चाले. १८२९ मध्ये काराकासचे आंद्रेस बेयो चिलीत आले. ते कवी होते, कायदेपंडित होते, पुढे चिली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि आजही स्पॅनिशच्या थोर व्याकरणकारांत त्यांची गणना होते. १८३३-३४ मध्ये त्यांनी ‘एल आराउकानो’ या नियतकालिकातून पालक आणि शिक्षक यांना उद्देशून भाषेविषयी एक सूचनावली प्रसिद्ध केली, आणि तिच्यात एकाच व्यक्तीला ‘वोस’ म्हणण्याची सवय मोडून काढावी असे निक्षून सांगितले. शाळांनी ते मनावर घेतले. पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक ‘वोस’ पुसत राहिले.

बेयो यांच्यावर केवळ स्पेनधार्जिणेपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे व्याकरण अमेरिका खंडातील लोकांसाठी आहे असे त्याच्या नावातच म्हटले आहे, आणि प्रस्तावनेत त्यांनी असा युक्तिवाद केला आहे की, आरागॉन आणि आंदालुसिया यांना आपापले वेगळेपण जपण्याचा जितका हक्क आहे तितकाच चिली आणि व्हेनेझुएला यांनाही आहे, मात्र त्या वेगळेपणाला सुशिक्षितांच्या एकसमान वापराचा आधार हवा. सगळे घोडे या शेवटच्या अटीपाशी अडते. सुशिक्षित कोण, हे ठरवणारी शाळाच जर ‘वोस’ म्हणणाऱ्याला अशिक्षित ठरवत असेल, तर सुशिक्षितांच्या वापराचा आधार ‘वोस’ला मिळणार कोठून?

परिणाम असा झाला की चिलीत ‘वोस’ हे सर्वनाम उर्मट किंवा गावंढळ ठरले, पण त्याच्याबरोबर चालणारी क्रियापदाची रूपे मेली नाहीत. ती खेड्यांत आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत राहिली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गातल्या तरुणांनी ती उचलली, फक्त सर्वनाम मात्र शाळेत शिकवलेले ‘तू’ ठेवले. आज चिलीचा माणूस मित्राशी बोलताना ‘तू कान्तास’ (तू गातोस) असे क्वचितच म्हणतो. तो ‘तू कान्ताइ’ म्हणतो, आणि ‘तू तिएनेस’च्या (तुझ्याकडे आहे) जागी ‘तू तेनीह’. जगातल्या दुसऱ्या स्पॅनिश बोलींत ही रचना अशा रीतीने सर्व थरांत पसरलेली क्वचितच दिसते. वकील, डॉक्टर, विद्यार्थी, सर्वजण ती वापरतात आणि तरीही तिला बोलण्यातली ढिलाई समजतात. मला हे फार क्लेशदायक वाटते. एखाद्या समाजाने स्वतः घडवलेली, नियमबद्ध, जिवंत अशी क्रियापदव्यवस्था, आणि तिच्याविषयी त्याच समाजाचे मत असे की ती म्हणजे व्याकरण न येण्याची खूण. ‘च’चा उच्चार ‘श’सारखा करणाऱ्यांची गत याहून वाईट. ‘चिले’ऐवजी ‘शिले’ म्हणणाऱ्याची वस्ती आणि कमाई ऐकणारा क्षणात ताडतो, म्हणून पालक मुलांना त्यावरून टोकत राहतात.

या सर्वांत एक तपशील मला विशेष विचार करायला लावतो. स्पॅनिशच्या शुद्धलेखनात बेयो यांच्या विचारांवर आधारलेल्या सुधारणा चिलीने १८४४ मध्ये स्वीकारल्या, आणि स्पॅनिशचे नियम ठरवणाऱ्या माद्रिदच्या अकादमीपेक्षा वेगळे असे ते शुद्धलेखन १९२७ पर्यंत चालवले. लेखणीच्या बाबतीत इतका स्वतंत्र बाणा ऐंशीहून अधिक वर्षे जपणाऱ्या देशाला आपल्या जिभेच्या बाबतीत तो जपता आला नाही.

आता अँडीज पर्वत ओलांडून अर्जेंटिनात जाऊ. ‘वोस’ तेथेही होता आणि तेथेही शाळेला तो नकोसा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अर्जेंटिनाची मुले वर्गात ‘तू’ची रूपे पाठ करत आणि मैदानात ‘वोस’ म्हणत. १९१४ च्या जनगणनेत देशाची जवळजवळ तीस टक्के लोकसंख्या परदेशात जन्मलेली होती, त्यात इटालियनांचा मोठा भरणा होता, आणि भाषा बिघडत चालली आहे अशी धास्ती विद्वानांनाही वाटत होती. आमेरिको कास्त्रो या नामवंत स्पॅनिश अभ्यासकाने १९४१ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या बोलीत बिघाड झाल्याचे निदान करणारे पुस्तक लिहिले, तेव्हा अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुइस बोर्हेस यांनी त्याला अत्यंत धारदार उत्तर दिले. १९४३ नंतर लष्करी राजवटीत रेडिओवरच्या भाषेवर बंधने आली आणि तांगोच्या गीतांतले बोलीतले शब्दही बदलून गावे लागले. एवढे होऊनही ‘वोस’ हटला नाही, आणि १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने सुशिक्षितांच्या बोलण्यातही तो योग्य असल्याचे मान्य केले. आज तेथील जाहिराती, वर्तमानपत्रे, मंत्र्यांची भाषणे, बँकांची पत्रे ‘वोस’मध्ये असतात आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

एकच सर्वनाम, दोन शेजारी देश, शाळेचा विरोध दोन्हीकडे. मग निकाल इतका वेगळा का? मला वाटते, अर्जेंटिनात ‘वोस’ कधीच केवळ गरिबांचा नव्हता. हजारो एकरांचे जमीनदार आणि त्यांचे गुराखी दोघेही ‘वोस’ म्हणत, राजधानीचे जुने घरंदाज लोकही म्हणत, आणि स्थलांतरितांच्या लोंढ्यापुढे आपण खरे येथले आहोत हे दाखवण्याची गरज पडली तेव्हा तो येथलेपणाची खूण झाला. चिलीत वरच्या वर्गाने बेयो यांचे ऐकले आणि ‘वोस’ खाली ढकलला. बोलीचे भवितव्य ठरवण्यात तिच्या व्याकरणापेक्षा ती कोण चारचौघांत बोलतो याचा वाटा मोठा असतो, असे या दोन देशांकडे पाहून मी मानू लागले आहे. मात्र अर्जेंटिनाचा हा आत्मविश्वास राजधानीपुरता अधिक खरा आहे. कोर्दोबाचा हेल किंवा उत्तरेकडील प्रांतांची बोली ब्वेनोस आयरेसमध्ये आजही गमतीचा विषय होते.

गमतीचा विषय होणे ही साधी गोष्ट नव्हे, हे आंदालुसियाकडे पाहिले की कळते. स्पॅनिशचे पहिले व्याकरण १४९२ मध्ये लिहिणारे आन्तोनियो दे नेब्रिहा हे सेवियाजवळच्या लेब्रिहा गावचे, म्हणजे आंदालुसियाचे. त्यानंतर अर्धे शतकही उलटले नसेल, तोच स्पॅनिश लेखक हुआन दे वाल्देस यांनी आपल्या भाषाविषयक संवादात त्यांना कमी लेखले, आणि कारण दिले ते असे की नेब्रिहा आंदालुसियाचे होते, जेथील भाषा फारशी शुद्ध नाही. पाचशे वर्षांत या दृष्टीचा अंत झालेला नाही. २००९ मध्ये आंदालुसियाच्या असलेल्या केंद्रीय मंत्री माग्दालेना आल्वारेस यांचा उच्चार विनोदासारखा आहे असे विधान एका लोकप्रतिनिधीने केले आणि त्यावर मोठे वादळ उठले. स्पेनच्या दूरचित्रवाणी मालिकांत मोलकरीण, पहारेकरी किंवा विदूषकी पात्र आंदालुसियाच्या ढंगात बोलते, हे तेथील प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. या बोलीविषयी मत विचारले की लोक तिला आनंदी, मोकळी, प्रेमळ म्हणतात. या कौतुकाची मला भीती वाटते, कारण ज्या बोलीला आपण गोड म्हणतो तिच्यात अर्थसंकल्प किंवा शस्त्रक्रिया समजावून सांगितली तर ती आपल्याला गंभीर वाटेनाशी होते. फेलिपे गोन्सालेस १९८२ ते १९९६ अशी सलग वर्षे स्पेनचे पंतप्रधान होते आणि आपला सेवियाचा उच्चार त्यांनी लपवला नाही, तरीही आंदालुसियाच्या तरुण वृत्तनिवेदकांना राष्ट्रीय वाहिनीवर जाताना उत्तरेचा उच्चार शिकून घ्यावासा वाटे. २००७ च्या स्वायत्तता कायद्यात आंदालुसियाच्या भाषारूपाचे, त्यातील सर्व प्रकारांसह, रक्षण, अभ्यास आणि प्रतिष्ठा हे उद्दिष्ट म्हणून लिहिले गेले आहे. कायद्यात प्रतिष्ठा हा शब्द घालावा लागतो यातच पुष्कळ काही आले.

येथे एक हिशेब मांडला पाहिजे. स्पेनच्या उत्तर आणि मध्य भागात ‘स’ आणि जिभेचे टोक दातांत धरून केला जाणारा, इंग्रजी ‘थिंक’मधल्यासारखा ध्वनी हे दोन वेगळे मानले जातात. आंदालुसियाच्या मोठ्या भागात, कॅनरी बेटांवर आणि अमेरिका खंडातील सर्व देशांत हा भेद पाळला जात नाही. स्पॅनिश मातृभाषा असणारे सुमारे ५० कोटी लोक आहेत आणि स्पेनची संपूर्ण लोकसंख्या ५ कोटींच्या आत आहे. म्हणजे ज्या उच्चाराला शुद्धतेची कसोटी मानले जाते तो भाषकांच्या दहाव्या हिश्शाचाही नाही. तरीही पुण्यातल्या वर्गांत, आमच्याही, स्पेनमध्ये छापलेली पाठ्यपुस्तके येतात आणि विद्यार्थी तो उच्चार खरी स्पॅनिश म्हणून घोटतात. पुढे त्यांच्यातल्या अनेकांना नोकरीत बोलावे लागते ते मेक्सिको आणि कोलंबियाच्या ग्राहकांशी.

असुरक्षिततेचे एक विलक्षण रूप डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळते. तेथे रोजच्या बोलण्यात शेवटचा ‘स’ जवळजवळ नसतोच, त्यामुळे औपचारिक प्रसंगी शुद्ध बोलू पाहणारा माणूस कधी कधी जेथे ‘स’ नाही तेथेही तो घालून मोकळा होतो. ‘फिनो’, म्हणजे उच्चभ्रू, या शब्दाचेच ‘फिस्नो’ होते, आणि अशा बोलण्याला डोमिनिकन लोक ‘फिस्नो बोलणे’ म्हणतात. लोक यावर हसतात, पण त्या जादा ‘स’मध्ये मला एका माणसाची धडपड ऐकू येते. आपल्या बोलण्यात काहीतरी कमी आहे एवढेच त्याला कोणीतरी शिकवलेले असते. नेमके काय आणि कोठे, हे कोणी सांगितलेले नसते.

पेरूत ही गोष्ट क्रूर होते. चिलीच्या लोकांना जी पेरूची स्पॅनिश उत्तम वाटते ती लिमाच्या वरच्या थराची. अँडीजमधल्या, केचुआ ही तिथली मूळ रहिवाशांची भाषा मातृभाषा असलेल्या माणसांची स्पॅनिश वेगळी आहे. केचुआत मूलतः तीनच स्वर असल्याने स्पॅनिशमधले ‘इ’ आणि ‘ए’, ‘उ’ आणि ‘ओ’ त्यांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात, आणि लिमा त्यांना त्यावरून हसते. २००६ मध्ये इलारिया सुपा आणि मारिया सुमिरे या दोन महिला खासदारांनी केचुआ भाषेत शपथ घेतली. २००९ मध्ये लिमाच्या एका दैनिकाने सुपा यांच्या हस्ताक्षरातील टिपणांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका जगासमोर मांडल्या. शुद्धलेखन हे बोली मोजण्याचे माप झाले की ते माणूस मोजण्याचे माप व्हायला किती थोडे अंतर उरते, हे त्या पानावर दिसले.

माद्रिदच्या अकादमीची स्थापना १७१३ ची, आणि भाषा स्वच्छ करणे, स्थिर करणे, तिला झळाळी देणे हे तिचे बोधवाक्य. गेल्या काही दशकांत तिचा सूर बदलला आहे हे मान्य केले पाहिजे. २००९ चे मोठे व्याकरण तिने सर्व देशांच्या अकादम्यांसह मिळून प्रसिद्ध केले आणि त्यात ‘वोस’ला सन्मानाने जागा दिली. पण बाजाराला आणि सवयीला हे पोहोचायला वेळ लागतो. २०१८ च्या अखेरीस मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांचा ‘रोमा’ हा चित्रपट नेटफ्लिक्सने स्पेनमध्ये दाखवताना मेक्सिकोच्या स्पॅनिशखाली स्पेनच्या स्पॅनिशमधली उपशीर्षके घातली. क्वारोन यांनी २०१९ च्या आरंभी ते अपमानास्पद असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि ती उपशीर्षके काढावी लागली. त्या वादात मेक्सिकोचे सामान्य प्रेक्षक ज्या ठामपणे बोलले तो मला आश्वासक वाटला, कारण आपली भाषा दुसऱ्या कोणाला समजावून सांगावी लागते ही कल्पनाच त्यांनी नाकारली.

चिलीत असा ठामपणा अजून दिसत नाही, पण एक बदल होत आहे. बेयो यांच्या काळापासून ‘कान्ताइ’, ‘तेनीह’ ही रूपे जवळजवळ केवळ तोंडीच राहिली होती, छापील पानावर ती आलीच तर खेडूत पात्राच्या तोंडी येत. आता मोबाइलवरच्या संदेशांत लाखो लोक ती दररोज लिहितात, त्यात विद्यापीठात शिकलेले लोकही आहेत. समोरच्याला कळले का हे विचारणारे ‘काचाइ’ कोणी स्वराघाताच्या चिन्हासह लिहितो, कोणी चिन्हाशिवाय. ‘तेनीह’मधला शेवटचा ध्वनी कोणी ‘स’ने लिहितो, कोणी ‘ह’च्या अक्षराने, तर कोणी सोडूनच देतो.